वनराज भाटिया

वनराज भाटिया (३१ मे, १९२७, मुंबई – ७ मे, २०२१, मुंबई) हे भारतीय संगीतकार होते. हिंदी समांतर चित्रपटांचे संगीत, दूरचित्रवाणी मालिका, जाहिरातपट आणि पाश्चात्त्य अभिजात शैलीतील मैफलीचे संगीत अशा चार वेगवेगळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'मंडी' आदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून ते सर्वाधिक परिचित आहेत. लंडन आणि पॅरिस येथे रीतसर रचनाशास्त्र शिकून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्थिरावलेले संगीतकार फारच थोडे. त्यांत भाटिया यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते.

चित्रपट आणि मैफल या दोन्हींसाठी लिहिणाऱ्या संगीतकारांची युरोपात, विशेषतः इटलीत, मोठी परंपरा आहे. निनो रोटा (१९११–१९७९) आणि एन्नियो मॉरिकोने (१९२८–२०२०) हे चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झाले. तथापि दोघांनीही आयुष्यभर वाद्यवृंद व लहान वादकसमूहांसाठी स्वतंत्र रचना केल्या. भाटिया हे वयाने मॉरिकोने यांच्याहून एका वर्षाने मोठे, आणि त्यांच्या कामाची विभागणीही बरीचशी तशीच. फरक असा की इटलीतील संगीतकाराला त्याची स्वतंत्र रचना वाजवणारे वाद्यवृंद आणि ती ऐकणारा श्रोतृवर्ग घराजवळच उपलब्ध होता. मुंबईत तसे नव्हते, आणि भाटिया यांच्या कारकिर्दीचे वळण समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

बालपण आणि मुंबईतील शिक्षण

भाटिया यांचा जन्म मुंबईतील एका कच्छी व्यापारी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण न्यू एरा स्कूलमध्ये झाले. हिंदुस्थानी संगीताचे प्राथमिक शिक्षण त्यांनी प्रा. बा. र. देवधर यांच्या संगीत विद्यालयात घेतले. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असून त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. कुमार गंधर्व घडले ते याच विद्यालयात. पुढे युरोपीय संगीताकडे वळलेल्या या विद्यार्थ्याच्या कानावर पहिले संस्कार रागसंगीताचे झाले होते, ही बाब त्याच्या नंतरच्या रचनांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

किशोरवयात चायकोव्हस्की यांचा पहिला पियानो कन्चेर्तो ऐकून त्यांना पाश्चात्त्य संगीताची ओढ लागली. चार वर्षे त्यांनी डॉ. माणेक भगत यांच्याकडे पियानोचे शिक्षण घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषय घेऊन १९४९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे एम.ए. झाले.

लंडन आणि पॅरिस

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम अ‍ॅल्विन यांच्याकडे संगीतरचनेचा अभ्यास केला. १९५१ ते १९५४ या काळात त्यांना सर मायकेल कोस्टा शिष्यवृत्ती मिळाली. (कोस्टा हे मूळचे नेपल्सचे, एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये नावारूपाला आलेले इटालियन संगीतसंचालक.) १९५४ मध्ये ते सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले. त्यांच्या शिक्षकांपैकी अ‍ॅल्विन हे स्वतः सिम्फनीकार असून चित्रपटांचेही नामवंत संगीतकार होते. दोन्ही क्षेत्रांत सारख्याच गांभीर्याने काम करता येते, याचे उदाहरण अशा प्रकारे भाटिया यांना विद्यार्थिदशेतच समोर दिसत होते.

त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्ती आणि पुढे फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले व तेथे पाच वर्षे नादिया बूलांजे यांच्याकडे शिकले. विसाव्या शतकातील संगीतरचनेच्या सर्वांत प्रभावी शिक्षकांमध्ये बूलांजे यांची गणना होते. अमेरिकेचे आरन कोपलंड, अर्जेंटिनाचे आस्तोर पियात्सोला, फ्रान्सचे मिशेल लग्राँ हे त्यांचे विद्यार्थी. स्वरसंवाद म्हणजे हार्मनी, आणि प्रतिस्वररचना म्हणजे काउंटरपॉइंट, यांचा कठोर सराव हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. स्वतःच्या देशाच्या संगीताशी विद्यार्थ्याने नाते तोडू नये असाही त्यांचा आग्रह असे. पियात्सोला यांना टँगोकडे परत पाठवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

दिल्ली विद्यापीठ आणि जाहिरातक्षेत्र

१९५९ मध्ये भाटिया भारतात परतले. १९६० ते १९६५ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक म्हणून अध्यापन केले. त्याच सुमारास जाहिरातपटांच्या संगीताकडे ते वळले. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीसाठी त्यांनी दिलेले संगीत हे भारतीय जाहिरातपटासाठी खास रचलेले पहिले संगीत मानले जाते. पुढे लिरिल, गार्डन वरेली, ड्यूलक्स यांसारख्या उत्पादनांच्या जाहिरातींना त्यांनी संगीत दिले. त्यांच्या जिंगलांची संख्या सात हजारांहून अधिक सांगितली जाते.

हा आकडा केवळ कुतूहलाचा विषय नाही. जिंगल ही तीस सेकंदांत, कधी त्याहूनही कमी वेळात, पूर्ण होणारी रचना आहे. तिला आरंभ, ओळख पटवणारी स्वरावली आणि शेवट असावा लागतो, आणि चित्राच्या प्रत्येक बदलाशी तिचा मेळ सेकंदाच्या अंशापर्यंत बसावा लागतो. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला लागणारे कौशल्य नेमके हेच. श्याम बेनेगल हेदेखील जाहिरातक्षेत्रातूनच चित्रपटाकडे आले होते.

चित्रपटसंगीत

'अंकुर' (१९७४) हा भाटिया यांचा पहिला कथापट. तेलंगणातील खेड्यात घडणाऱ्या या कथेत प्रचलित हिंदी चित्रपटांतल्यासारखी गाणी नाहीत आणि पार्श्वसंगीतही अत्यंत संयत आहे. पाठोपाठ विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला 'निशांत' (१९७५) आला. दोन्ही चित्रपटांची पार्श्वभूमी जुन्या हैदराबाद संस्थानातील जमीनदारीची आहे. धाराशिव जिल्ह्याचा लोहारा-उमरगा हा भागही सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच निजामी राज्यात होता. त्यामुळे या चित्रपटांतली दखनी वळणाची बोली आणि गढी-वाड्यांचा दरारा मराठवाड्यातील प्रेक्षकाला परका वाटत नाही.

गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभ्या केलेल्या 'मंथन'मध्ये (१९७६) भाटिया यांनी एकाच लोकगीतवजा गुजराती गीतावर चित्रपटाचे बरेचसे संगीत पेलले आहे. या गीतासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे अमूलने ते आपल्या जाहिरातीतही वापरले.

भाटिया यांच्या चित्रपटसंगीताचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणजे 'भूमिका' (१९७७). मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात नायिकेचे आयुष्य बोलपटांच्या आरंभकाळापासून पुढे दोन दशके उलगडत जाते. चित्रपटात चित्रपट असल्याने प्रत्येक काळाचे गाणे त्या-त्या काळाचे वाटणे आवश्यक होते. तीसच्या दशकातील गाण्यात वाद्ये मोजकी आणि गळा नाट्यसंगीताच्या वळणाचा. पन्नाशीकडे येताना व्हायोलिनांचे ताफे आणि पाश्चात्त्य नृत्यताल. भाटिया यांनी ही सारी स्थित्यंतरे नव्या चालींतून उभी केली. गायकांची निवडही त्याच धोरणाची होती. किराणा घराण्याच्या सरस्वतीबाई राणे आणि तरुणपणी स्वतः बोलपटांत गायक-अभिनेते म्हणून काम केलेले फिरोज दस्तूर यांचे आवाज त्यांनी वापरले. नंतरच्या काळातील गाण्यांसाठी प्रीती सागर, भूपिंदर, उत्तरा केळकर आदींना घेतले. गीतलेखन मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव यांचे होते. जुन्या शैलीची नक्कल करताना तिची थट्टा होणार नाही, ही मर्यादा त्यांनी सांभाळली आहे, आणि ते काम वाटते तितके सोपे नाही.

चि. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवरील 'कोंडुरा' (१९७८), १८५७ च्या उठावावरील 'जुनून' (१९७८), महाभारताची कथा मुंबईच्या उद्योगपती घराण्यांत मांडणारा 'कलयुग' (१९८१), जुन्या उर्दू शायरीचा वापर करणारा 'मंडी' (१९८३), गोव्यातील 'त्रिकाल' (१९८५) आणि 'सूरज का सातवाँ घोडा' (१९९२) हे बेनेगल यांच्यासोबतचे पुढचे महत्त्वाचे चित्रपट. 'सरदारी बेगम'मध्ये (१९९६) ठुमरी-दादऱ्याच्या परंपरेतील गाणी असून ती आरती अंकलीकर-टिकेकर, शुभा जोशी, आशा भोसले आदींनी गायिली आहेत. अन्य दिग्दर्शकांच्या चित्रपटांत अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन' (१९८१), कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३), कुमार शहानी यांचा 'तरंग' (१९८४) आणि विजया मेहता यांचा 'पेस्तनजी' (१९८८) यांचा उल्लेख करावा लागेल.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात साधारण प्रथा अशी होती की संगीतकाराने चाल बांधावी आणि वाद्यवृंदासाठी तिचे स्वरलेखन संगीत संयोजकाने करावे. हे संयोजक बहुतांशी गोमंतकीय किंवा पारशी असत. भाटिया स्वतःच पूर्ण स्वरलेखन करू शकत. त्यामुळे कोणते वाद्य कोठे थांबेल, कोठे शांतता राहील, हे निर्णय रचनेच्या वेळीच होत. त्यांच्या पार्श्वसंगीतातील काटकसर या शिस्तीतून आली असावी.

दूरचित्रवाणी

१९८० च्या दशकात दूरदर्शनच्या विस्तारामुळे भाटिया यांचे संगीत घराघरांत पोहोचले. 'खानदान', आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवरील 'वागले की दुनिया' यांसारख्या मालिकांना त्यांचे संगीत होते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या 'तमस'चे (१९८८) संगीत हे त्यांचे सर्वांत तीव्र परिणाम करणारे काम म्हणता येईल. फाळणीच्या हिंसेची कथा असलेल्या या कलाकृतीच्या आरंभी कोणतेही गीत नाही. ऐकू येते ती एक आर्त मानवी हाक.

जवाहरलाल नेहरूंच्या ग्रंथावरील, बेनेगल दिग्दर्शित 'भारत एक खोज' (१९८८–८९) या ५३ भागांच्या मालिकेसाठी त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताला समूहस्वरांत बांधले. वसंत देव यांनी केलेले हिंदी रूपांतरही त्यात गुंफले आहे. एकस्वरी मंत्रपठण आणि अनेकस्वरी समूहगान यांचा येथे झालेला मेळ आजही अनेकांच्या स्मरणात आहे.

मैफलीचे संगीत

भाटिया स्वतःला प्रथम मैफलीचे संगीतकार मानत. पियानोसाठीची 'फँटेसिया अँड फ्यूग इन सी', तंतुवाद्यांसाठीची 'सिन्फोनिया कन्चेर्तान्ते', 'किंगुरीवाली', समूहगानाची 'रुद्रनाम' आणि 'रेव्हरी' या त्यांच्या प्रमुख रचना होत.

या रचनांपुढील मूळ प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मालकंस रागात रिषभ आणि पंचम वर्ज्य आहेत. पाश्चात्त्य पद्धतीने षड्जावर त्रिस्वरी संवाद उभारायचा तर षड्ज, गांधार आणि पंचम लागतात. म्हणजे पहिल्याच संवादात वर्ज्य स्वर येतो आणि राग बिघडतो. म्हणून रागसंगीताला हार्मनीची जोड देणे हे चालीखाली चार स्वर भरण्याइतके सोपे नाही. त्यापेक्षा प्रतिस्वररचनेचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो. फ्यूगमध्ये एक स्वरवाक्य एका आवाजात सुरू होते, तेच दुसऱ्या, मग तिसऱ्या आवाजात उतरते आणि सर्व आवाज एकाच वेळी आपापल्या गतीने चालू राहतात. प्रत्येक आवाज ही स्वतंत्र चाल असल्यामुळे रागाच्या स्वरचौकटीत राहणे तुलनेने शक्य होते. भारतीय स्वरसमूह आणि पाश्चात्त्य रचनाबंध यांची सांगड घालण्याचा भाटिया यांचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

असा प्रयत्न करणारे ते एकटे नव्हते. गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ मध्येच जन्मलेले व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रागाधारित वाद्यवृंदरचना सादर केल्या होत्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. मात्र अशा संगीताला नियमित आश्रय मिळाला नाही. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ मध्ये, म्हणजे भाटिया वयाच्या ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर.

गिरीश कर्नाड यांच्या महाभारतातील यवक्रीच्या कथेवरील नाटकावरून भाटिया यांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला. अमेरिकन गायिका ज्युडिथ केलॉक यांच्या पुढाकाराने त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सादर झाले. जानेवारी २०१९ मध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईतील कार्यक्रमात 'रेव्हरी' वाजवली.

अखेरची वर्षे

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाटिया आर्थिक अडचणीत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. बँकेतील शिल्लक संपली होती आणि घरातील वस्तू विकण्याची वेळ आली होती. त्यानंतर कलाक्षेत्रातून मदतीचा ओघ सुरू झाला. अविवाहित असलेले भाटिया दक्षिण मुंबईतील आपल्या घरी वृद्धापकाळाच्या आजारांसह राहत होते. त्यांच्या पिढीतील संगीतकारांना जाहिराती आणि चित्रपटांसाठी एकरकमी मोबदला मिळे व हक्क निर्मात्याकडे जात. रचना पुन्हा वाजल्यावर रचनाकाराला स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याचा, त्याला स्वतःलाही सोडून देता न येणारा हक्क कायद्याने दिला तो २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने. तोवर भाटिया यांचे बहुतेक काम होऊन गेले होते.

७ मे, २०२१ रोजी मुंबईतील राहत्या घरी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुरस्कार

'तमस'साठी १९८८ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, १९८९ मध्ये सर्जनशील व प्रायोगिक संगीतासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत.