व्यसनमुक्ती : औषधाच्या जोडीला गाव

लोणावळ्याच्या गजबजलेल्या बाजारपेठेपलीकडे मावळात कातकरी व ठाकर वाड्या आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांचा जंगलावरील हक्क आक्रसला, कात पाडण्याचा पिढीजात व्यवसाय गेला आणि वीटभट्टीची उचल माथी आली. अशा आघातांच्या छायेत तरुणांना जडलेले व्यसन केवळ औषधाने कसे सुटावे?

या संदर्भात गडचिरोलीचा अनुभव मननीय आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींच्या इच्छेनुसार रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर उभारले व त्यास दंतेश्वरी मातेचे नाव दिले. लोकचळवळीमुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू झाले. त्यात गावसंघटना दारूविक्रीस पायबंद घालतात आणि व्यसनग्रस्तांस उपचारही मिळतात. चरकोक्त दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेशी याचे साम्य सहज जाणवते.

मावळातील वैद्यांनी यातून बोध घ्यावा. वाडीतील ज्येष्ठांना व स्त्रियांना चिकित्सेत सहभागी करावे. मद्य एकाएकी सोडल्यावर कंप, झटके वा भ्रम दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. म्हणून व्यसन सोडलेल्या रुग्णास ती न देता ताजा काढा, चूर्ण वा वटी योजावी. औषधविक्रेत्यांनीही आसव-अरिष्टे देण्यापूर्वी ग्राहकाकडे चौकशी करावी. गावाने जपलेला संयम आपल्या बाटलीने मोडू नये.