एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक; मग एकाची माहिती दुसऱ्याला का दिसत नाही?

नायगाव : पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की नायगावसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रासमोर रांग लागते. हातात सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. केंद्रचालक ही माहिती संगणकात भरतो आणि ती दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये पोहोचते. तिथे एकाच सर्व्हरवर अनेकांचे काम चालत असेल, तर आपली माहिती दुसऱ्याच्या हाती लागणार नाही याची काळजी कोण घेते?

हायपरव्हायजर म्हणजे काय?

एका मोठ्या सर्व्हरचे भाग पाडून अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेले ‘झेन’ हे त्यातले एक प्रसिद्ध नाव. ॲमेझॉनची क्लाउड सेवा २००६ मध्ये झेनवरच सुरू झाली. या कंपनीची डेटा सेंटर २०१६ पासून मुंबईत आणि २०२२ पासून हैदराबादेत आहेत.

मेमरी पुसावी का लागते?

चालू कामाची माहिती रॅममध्ये असते. वीज गेली की रॅम लगेच कोरी होते, असा समज आहे. मात्र प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो. चिप थंड केली तर आणखी जास्त वेळ. वीज न तोडता सर्व्हर फक्त रिस्टार्ट केला, तर जुना मजकूर शिल्लक राहण्याची शक्यता आणखी वाढते. अशी मेमरी न पुसता नव्या ग्राहकाला दिली, तर आधीच्या ग्राहकाचे पासवर्ड किंवा खाते क्रमांक त्याला वाचता येऊ शकतात. म्हणून सुरू होतानाच हायपरव्हायजर मोकळ्या मेमरीवर पाटी पुसावी तसा पोछा फिरवतो. एखादे व्हर्च्युअल मशीन बंद झाले की त्याची मेमरीही अशीच पुसली जाते.

वेळ किती लागतो?

मेमरीचे ४,०९६ बाइटचे छोटे तुकडे असतात. त्यांना ‘पेज’ म्हणतात. १ टीबी रॅममध्ये असे सुमारे २६ कोटी ८४ लाख पेज भरतात. प्रोसेसरच्या एका कोअरने सेकंदाला १० जीबी पुसले असे धरले, तरी १०० सेकंदांहून अधिक वेळ लागेल. रॅम कित्येक टीबी असेल तर कित्येक मिनिटे सर्व्हर बंदच. इकडे रांगेतला शेतकरी ताटकळणार.

त्यावर उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे काम वाटून घेणे. एकाच कोअरवर भार न टाकता अनेक कोअर कामाला लावायचे आणि प्रत्येकाने आपल्या जवळची मेमरी पुसायची. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. सगळी मेमरी पुसून होईपर्यंत थांबायचे नाही. सर्व्हर लगेच सुरू करायचा आणि रिकामे बसलेले कोअर मागे उरलेली मेमरी पुसत राहतात. न पुसलेले पेज मध्येच कोणाला लागलेच, तर ते आधी पुसायचे, मगच द्यायचे. झेनमध्ये या दोन्ही सोयी आहेत. सुरू होतानाचे पुसणे बंद करण्याचा पर्यायही त्यात आहे. पण जिथे अनेक ग्राहक एकाच सर्व्हरवर असतात, तिथे तो धोक्याचा ठरतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही एका ॲपची मेमरी दुसऱ्याला देण्याआधी पुसली जाते. मात्र ही सारी साफसफाई रॅमपुरतीच असते. सेवा केंद्राच्या संगणकावर डाउनलोड केलेली आधारची पीडीएफ डिस्कवर राहते. संगणक बंद करून सुरू केला तरी ती जात नाही. त्यामुळे काम झाले की फाइल आपल्यासमोर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिन रिकामी करून घ्या आणि आपल्या खात्यातून लॉगआउट झाल्याची खात्री करूनच केंद्राबाहेर पडा.