बिदरी काम व त्याचे कारागीर

जुन्या घराण्यांतील पानदान, अत्तरदाणी किंवा हुक्क्याचें भांडें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस काळ्याभोर धातूवर चमकणारी रुपेरी वेलबुट्टी परिचयाची असेल. हेंच बिदरी काम. त्यास नांव पडलें तें बिदर शहरावरून. हें शहर आज कर्नाटकांत मोडतें. परंतु १९५६ पर्यंत मराठवाडा व बिदर एकाच हैदराबाद राज्यांत असल्यामुळें उदगीर-लातूरकडील मंडळींस तें परकें वाटत नाहीं.

पंधराव्या शतकांत बहामनी सुलतानांनीं आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथें आणिली, व त्यांच्या आश्रयानें ही कला वाढली अशी परंपरा आहे. नक्षींत इराणी वळण दिसतें खरें. पण आमच्या मतें या कलेचा जीव नक्षींत नसून त्या काळ्या रंगांत आहे. आणि तो रंग मुळीं लावलेलाच नसतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

भांडें ओततात तें मुख्यत्वें जस्ताचें. साधारणतः सोळा भाग जस्तास एक भाग तांबें असें प्रमाण सांगतात. मातींत एरंडेल व राळ कालवून सांचा करितात. ओतलेलें भांडें कानशीनें घांसून गुळगुळीत केल्यावर मोरचुदाचें पाणी चोळून त्याजवर तात्पुरता काळिमा आणितात. हा केवळ कोरणाराच्या सोयीकरितां, कारण त्यावर पोलादी टोंकाची रेघ स्वच्छ दिसते. मग कोरलेल्या खांचांत चांदीची तार अथवा पत्र्याचे बारीक तुकडे हातोडीनें ठोकून बसवितात. तारेच्या कामास तारकशी म्हणतात. ‘आफताबी’ प्रकारांत उलट चांदीचा पत्राच कातरून त्याच्या फटींतून काळी नक्षी दाखवितात. नंतर भांडें घांसलें म्हणजे तें सगळेंच पांढुरकें होतें; चांदी कोठें व जस्त कोठें हें नीट ओळखूं येत नाहीं. इतक्या दिवसांची मेहनत जणूं पुसली गेली!

अशा वेळीं किल्ल्यांतील माती कामास येते. जेथें वर्षानुवर्षें ऊन-पाऊस लागलेला नाहीं अशा जुन्या इमारतींच्या आडोशाची ती हवी. पारख करण्यास कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहतो. तिच्यांत सोऱ्यासारखे क्षार असतात. ती माती व नवसागर पाण्यांत कालवून तापविलेल्या भांड्यास चोळलीं कीं थोडक्याच वेळांत जस्ताचा भाग काळाकुट्ट होतो, आणि चांदी मात्र जशीच्या तशी राहते. शास्त्रज्ञ याचें कारण असें सांगतात कीं, पृष्ठभागावरील जस्त विरघळून जातें व मागें उरलेल्या तांब्यामुळें काळा थर बनतो. निव्वळ जस्तावर तो चढत नाहीं. म्हणजे तें अल्पसें तांबेंच सर्व शोभेचें मूळ! रसायनशास्त्राचें पुस्तक न उघडतां ज्यांनीं हें प्रमाण व ही माती शोधून काढिली, त्यांची बुद्धि सामान्य नव्हे. शेवटीं तेलाचा हात फिरविला कीं भांडें तयार.

परंतु हे लोक कोण? १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत बिदरी भांडीं मांडलीं होतीं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांतहि तीं आहेत. चिठ्ठीवर शतक असतें, गांव असतें. घडविणाराचें नांव बहुधा नसतें. ओतणारा, कोरणारा, तार बसविणारा असे निरनिराळे हात एका भांड्यावरून फिरतात, तेव्हां नांव कोणाचें घालावें, असें कोणी म्हणेल. तरी पण हुक्का ओढणारा नबाब लक्षांत राहावा आणि हुक्का घडविणारा विसरला जावा, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

२००६ सालीं या कामास भौगोलिक मानांकन मिळालें, तेणेंकरून गांवाचें नांव राखलें गेलें. कारागिराचें नांव देशभर झालें तें २०२३ सालीं, बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री मिळाली तेव्हां. हुक्क्याचे दिवस आतां सरले. त्याच हातांनीं आज फुलदाण्या, डब्या व दागिने होतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी सुटींत बिदरास गेलाच, तर किल्ला व महंमूद गवानाचा मदरसा पाहून झाल्यावर त्यानें कारागिरांच्या गल्लींतहि जावें, आणि एखादी डबी घेतांना ती कोणीं कोरली तें विचारून घ्यावें.