‘फूद्रॉयंट’ या नांवाचे लिलांवी अवशेष आणि मुंबईचें एक जहाज

इंग्लंडच्या किनाऱ्यावरील बंदरांच्या गांवीं जुन्या दर्यावर्दी वस्तूंचे लिलांव वरचेवर होत असतात. जहाजांचीं तैलचित्रें व छापील चित्रें, नाळेवरील लांकडी मूर्ती, होकायंत्रें, दुर्बिणी, खलाशांच्या पेट्या, जहाजांच्या रोजनिशा व लहान प्रतिकृती या त्यांत मांडल्या जातात. यांशिवाय आणखी एक वर्ग आहे. तो म्हणजे मोडलेल्या अगर फुटलेल्या नामांकित जहाजांच्या लांकडाच्या व तांब्याच्या केलेल्या वस्तू. हातांतील काठ्या, पेट्या, खुर्च्या, भिंतीवर टांगावयाच्या फळ्या, पदकें इत्यादि वस्तूंवर जहाजाचें नांव कोरलेलें असतें आणि त्या नांवावरच बोली चढते. या वर्गांत ‘फूद्रॉयंट’ हें नांव फार वेळां आढळतें. या एका नांवाखालीं तीन निरनिराळीं जहाजें वावरत असून त्यांपैकीं एक मुंबईच्या गोदींत बांधलेलें आहे, ही गोष्ट पुष्कळ संग्राहकांच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून त्या तिहींचा निवाडा कसा करावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘फूद्रॉयंट’ हा शब्द मूळचा फ्रेंच. या नांवाचें मोठें फ्रेंच लढाऊ जहाज इंग्रजांनीं सन १७५८ मध्यें भूमध्य समुद्रांत जिंकून घेतलें व त्याच नांवानें आपल्या आरमारांत दाखल केलें. सन १७८७ मध्यें तें मोडण्यांत आलें. हें पहिलें. दुसरें इंग्लंडांतच प्लिमथ येथील सरकारी गोदींत बांधलें जाऊन सन १७९८ मध्यें पाण्यांत लोटलें गेलें. हें ८० तोफांचें होतें. सन १७९९ व १८०० या सालीं नेल्सनचें निशाण यावर होतें, आणि त्यामुळेंच या नांवास बाजारांत मोल आलें.

या दुसऱ्या जहाजाचा शेवट ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें तें विकलें व तें जर्मन मोडणावळवाल्यांच्या हातीं गेलें, तेव्हां इंग्लंडांत मोठा गवगवा झाला. कॉनन डॉईल या कादंबरीकारानें त्यावर एक कविताहि लिहिली. शेवटीं व्हीटली कॉब या गृहस्थानें तें जहाज विकत घेऊन पुष्कळ खर्चानें पूर्ववत् सजविलें, आणि खर्च भरून यावा म्हणून किनाऱ्यावरील गांवोगांव नेऊन लोकांस दाखविण्यास आरंभ केला. अशा फेरींत असतां ता. १६ जून १८९७ रोजीं ब्लॅकपूल येथें वादळांत सांपडून तें वाळूवर चढलें व फुटलें. माणसें वांचलीं, परंतु जहाज वांचलें नाहीं. त्याचें लांकूड व तांबें गोळा करून त्यांच्या स्मारकवस्तू बनविण्यांत आल्या आणि त्या लोकांस विकण्यांत आल्या. आज लिलांवांत दिसणाऱ्या बहुतेक वस्तूंचा उगम हा आहे.

जहाज गेलें तरी कॉब याचा उत्साह गेला नाहीं. त्याच सालीं मोडीस निघालेलें ‘त्रिंकोमाली’ नांवाचें एक जुनें जहाज त्यानें विकत घेतलें आणि पुढें त्यास गेलेल्या जहाजाचें ‘फूद्रॉयंट’ हें नांव दिलें. हें तिसरें ‘फूद्रॉयंट’ मुंबईचें होय. मुंबईच्या गोदीचे मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाचें तें बांधलें गेलें व ता. १२ आक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत लोटलें गेलें. त्याचे नकाशे प्रथम ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून मुंबईस धाडले होते. परंतु तें जहाज सन १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांनीं ब्राझीलच्या किनाऱ्यालगत जिंकल्यामुळें नकाशे गमावले, व दुसरी प्रत पाठवावी लागली.

मुंबईहून निघून हें जहाज सन १८१९ मध्यें पोर्ट्समथ येथें पोहोंचलें. मध्यंतरीं तें बरींच वर्षें नुसतें नांगरून ठेविलें होतें. पुढें त्याची पिछाडी बदलून व तोफांची मांडणी नवी करून सन १८४७ ते १८५७ या अवधींत त्यास दूरच्या समुद्रांवर पाठविलें. कॉब याच्या हातीं आल्यावर तें फालमथ व नंतर पोर्ट्समथ येथें मुलांस दर्यावर्दी शिक्षण देण्याच्या कामीं लागलें. हें काम सन १९८६ पर्यंत चाललें. सन १९८७ मध्यें त्यास हार्टलपूल येथें नेलें, सन १९९२ मध्यें मूळचें ‘त्रिंकोमाली’ हें नांव परत मिळालें, व सन २००१ मध्यें दुरुस्ती पुरी झाली. आजहि तें तेथें पाण्यावर उभें आहे. सारांश, मुंबईचें हें जहाज जवळ जवळ नव्वद वर्षें दुसऱ्याच्या नांवानें ओळखलें जात होतें.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिली कसोटी कालाची. प्लिमथचें जहाज सन १८९७ मध्यें नष्ट झालें. तेव्हां त्यानंतरच्या काळांत चालत्या जहाजावर वापरलेली म्हणून जी वस्तु त्या नांवानें येईल, मग ती टोपीची फीत असो, बिल्ला असो कीं छायाचित्र असो, ती मुंबईच्या जहाजाची समजावी. नेल्सनशीं तिचा संबंध नाहीं.

दुसरी कसोटी लांकडाची. प्लिमथचें जहाज मुख्यत्वें ओकचें व मुंबईचें सागाचें. ओक योग्य दिशेनें कापला असतां त्यांत रुंद व चकाकणारे पट्टे नुसत्या डोळ्यांस दिसतात. सागांत ते तसे दिसत नाहींत. साग हातास तेलकट लागतो व त्यास स्वतःचा वास असतो. ओकमध्यें लोखंडी खिळा असेल तर भोंवतीं काळा डाग पडतो व खिळा खाल्ला जातो. सागांतील तेलामुळें खिळा पुष्कळ काल टिकतो. ही पाहणी वस्तूच्या खालच्या अगर आंतल्या बाजूस करावी. वरचें रोगण खरवडूं नये, कारण तें रोगणहि पुराव्याचा भाग आहे. तथापि लांकूड ओकचें ठरलें एवढ्यानें तें नेल्सनच्या पायांखालचें होतें असें सिद्ध होत नाहीं. कॉब यानें जहाज सजवितांना नवें लांकूड घातलें, आणि तें नवें लांकूडहि ब्लॅकपूलच्या वाळूवर पडलें.

तिसरी कसोटी धातूची. जहाजाच्या बुडास ठोकलेले तांब्याचे पत्रे झिजत व कांहीं वर्षांनीं बदलले जात. म्हणून सन १८९७ मध्यें काढलेला पत्रा सन १७९९ चा असेलच असें नाहीं. तांब्यावर रुंद बाणाचें चिन्ह दिसल्यास संग्राहक हर्षित होतात. परंतु तें चिन्ह माल सरकारी होता एवढेंच सांगतें, जहाज व साल सांगत नाहीं.

चौथी कसोटी चित्रांची. प्लिमथच्या जहाजास तोफांचे दोन मजले होते. मुंबईचें जहाज फ्रिगेट जातीचें असल्यामुळें त्यास एकच. चित्राखालीं नांव कांहीं असलें तरी बाजूवरील तोफांच्या खिडक्यांच्या रांगा मोजल्या कीं बहुधा निकाल लागतो. पहिलें, फ्रेंच, जहाजहि दोन मजल्यांचें होतें. तेव्हां तेथें वेष, निशाण व प्रसंग पाहावा. चित्र प्रसंगानंतर किती वर्षांनीं काढलें हेंहि पाहणें अगत्याचें आहे. तुळाजी आंग्रे याजकडून विजयदुर्ग, म्हणजे इंग्रजांचें घेरिया, सन १७५६ च्या फेब्रुवारींत पडला. त्याचें डॉमिनिक सेर याचें ग्रीनिच येथील प्रसिद्ध चित्र सन १७७१ चें आहे. पंधरा वर्षांनीं व विजयी पक्षाच्या बाजूनें काढलेलें चित्र हें त्या पक्षाच्या समजुतीचा पुरावा होय; किल्ल्याच्या तटाचा अगर आंग्रे यांच्या गलबतांच्या बांधणीचा पुरावा म्हणून तें घेतांना दुसऱ्या साधनांचा आधार पाहिजे.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची कसोटी कागदांची. वस्तु कोणीं, कोणाकडून व केव्हां घेतली याची अखंड परंपरा असेल तर वरील चारहि कसोट्यांस बळ येतें. परंतु लिलांवाची रीतच अशी आहे कीं एका घरांतील पेटी एकाकडे, तींतील रोजनिशी दुसऱ्याकडे व भिंतीवरील चित्र तिसऱ्याकडे जातें. तिन्ही मिळून जी साक्ष देत होतीं ती त्या दिवशीं मुकी होते. म्हणून घेणारानें आपल्या वस्तूबरोबर लिलांवाच्या यादीचें पान, अनुक्रमांक, तारीख, पावती व त्याच घरांतून विकल्या गेलेल्या इतर वस्तूंचें टिपण हीं जपून ठेवावीं. जुनी चिठ्ठी खोटी वाटली तरी ती काढून टाकूं नये. ती खोटी कां आहे हें वेगळ्या कागदावर लिहून जोडावें.

आपल्या इकडील कागदांस हाच न्याय आपण लावीत आलों आहों. रुमालावर कोणीं मागाहून लिहिलेली चिठ्ठी पाहून आंतील सनदेचा काल कोणी ठरवीत नाहीं. शिक्का, अक्षर, कागद व मायना पाहूनच तो ठरतो. जहाजाच्या लांकडावरील नांव हीहि एक मागाहून लाविलेली चिठ्ठीच आहे. ती निमूटपणें मान्य केल्यास सागाच्या तुकड्याची किंमत नेल्सनच्या नांवानें वाढेल खरी, परंतु जमशेटजींच्या हाताखालील मुंबईच्या सुतारांचें काम पुन्हा एकदां परक्या नांवाखालीं झांकलें जाईल. ज्यांच्या संग्रहीं ‘फूद्रॉयंट’ नांवाची एखादी वस्तु असेल त्यांनीं ती उलटी करून खालचें लांकूड एकवार अवश्य पाहावें. तें साग निघालें आणि कागद जुळले तर तें मुंबईच्या गोदीचें साधन म्हणून नोंदवावें, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतों.