डाव किती लावावा? रोलप्लेइंग खेळांतील फाशांचा हिशेब

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि 'गेम मास्टर' म्हटला जाणारा सूत्रधार भोवतालचे जग उभे करतो. अशा खेळांत फासा केवळ यशापयशाचा निवाडा करत नाही, तर पात्राने किती धाडस करावे हेही त्याचे नियमच अप्रत्यक्षपणे ठरवत असतात. मोबदला जोखमीच्या मानाने तुटपुंजा असेल तर सगळी पात्रे जीव मुठीत धरून वावरतात आणि तो अवाजवी असेल तर जोखीम नावालाच उरते.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आजच्या रूपात बहुतेक निर्णय वीस पैलूंच्या एका फाशावर होतात. त्याचा प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे 5 टक्के असल्याने, हल्ल्याच्या बेरजेतून 5 वजा करणे म्हणजे साधारणपणे 25 टक्के संधी सोडणे होय. 2014च्या पाचव्या आवृत्तीतील 'ग्रेट वेपन मास्टर' या कौशल्याने हाच सौदा देऊ केला होता: जड शस्त्र चालवणाऱ्याने फेकीपूर्वी 5 गमवावेत आणि घाव बसलाच तर इजेत 10 मिळवावेत. दोन हातांनी पेलायच्या तलवारीची सरासरी इजा 7 आणि पात्राच्या बळाचे 4 धरले, तर एका घावाचे मोल 11 होते. घाव बसण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर साध्या हल्ल्याची सरासरी 6.6 आणि धाडसी हल्ल्याची 7.35 येते, शक्यता 40 टक्क्यांवर उतरली की तेच आकडे 4.4 आणि 3.15 होतात. वीस पडल्यावर मिळणारी जादा इजा बाजूला ठेवली, तर 52.5 टक्क्यांवर दोन्ही पर्याय समसमान ठरतात.

हा हिशेब एकदा कळला की निवड करण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्यातच याच आवृत्तीत 'ॲडव्हांटेज' नावाची सवलत आहे, जिच्यात दोन फासे टाकून मोठे दान घेतले जाते. ती मिळाल्यावर 60 टक्क्यांची संधी 84 टक्के होते आणि 5 वजा करूनही सुमारे 58 टक्के राहते, तेव्हा सरासरी इजा अनुक्रमे 9.24 आणि सुमारे 12.1 भरते. धाडस म्हणून मांडलेला पर्याय अशा वेळी निव्वळ सवय बनतो. 2024च्या सुधारित नियमपुस्तकात 5 आणि 10चा हा सौदा काढून टाकला गेला, आणि ते योग्यच झाले.

'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या खेळाची वाट निराळी आहे. तेथे शंभरापर्यंतचे दान कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडावे लागते. सातव्या आवृत्तीत लढाईबाहेरची फसलेली फेक पुन्हा करण्याची मुभा मिळते, पण पात्र या खेपेस वेगळे काय करणार हे खेळाडूला सांगावे लागते आणि दुसऱ्यांदा फसल्यास परिणाम अधिक भीषण होतात. 50 कौशल्य असलेल्याची एकूण संधी त्यामुळे 75 टक्क्यांवर जाते, तरी पुढे ओढवणारी आपत्ती कोणत्याही सरासरीत बसवता येत नसल्याने प्रश्न गणिताने सुटत नाही. जोखमीची खरी धार येथेच आहे.

जॉन हार्पर यांच्या, 2017 साली पुस्तकरूपाने आलेल्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये ही धार अधिक विचारपूर्वक वापरली आहे. चोरांच्या टोळीच्या या खेळात कृती किती धोक्याची आणि किती परिणामकारक ठरेल हे फासे पडण्याआधीच मोकळेपणाने ठरते. सर्वांत बिकट स्थितीत फेक करणाऱ्याला यश येवो वा न येवो, अनुभवाचा एक गुण मिळतो, म्हणजे धाडसाचे मोल निकालावर अवलंबून राहत नाही. सहा पैलूंच्या फाशांतील सर्वांत मोठे दान 6 असेल तर पूर्ण यश, 4 वा 5 असेल तर किंमत मोजून यश, त्याखाली अपयश. दोन फासे टाकल्यास 36 शक्यतांपैकी 9 अपयशाच्या, 11 पूर्ण यशाच्या आणि तब्बल 16 किंमत मोजून मिळणाऱ्या यशाच्या असतात.