हिरवळीचा ताग केव्हा गाडावा?

कृष्णाकाठच्या कराड, वाळवे, पलूस या भागांत उसापूर्वी हिरवळीचे खत म्हणून ताग पेरण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तथापि पेरणी वेळेवर होते आणि गाडणी मात्र लांबते, असे पुष्कळदा घडते. ‘आणखी पंधरा दिवस वाढू द्यावा, म्हणजे खत जास्त मिळेल’ असा त्यामागील समज असतो. हा समज कोठे चुकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

तागाचे रोप कोवळे असताना त्यात पाण्याचा अंश सुमारे चार-पंचमांश असतो. पाने भरपूर व नत्राने समृद्ध असतात आणि खोड मऊ असते. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांनी फुले दिसू लागतात. त्यानंतर रोपाचे वजन वाढते. परंतु ती वाढ मुख्यतः खोडाची असते. सालीत वाख तयार होतो, सेल्युलोज व लिग्निन हे चिवट पदार्थ वाढतात, खालची पाने गळतात आणि शेंगा धरल्यावर पानांतील नत्र बियांकडे वळते. म्हणूनच वाखासाठी घेतलेला ताग शेंगा धरेपर्यंत राखतात. सुतळीला जो चिवटपणा हवा असतो, तोच खताला मारक ठरतो.

याचे कारण जमिनीतील सूक्ष्म जीवाणूंच्या कार्यात आहे. वनस्पती कुजविताना त्यांना कर्बाबरोबर नत्रही लागते. कोवळ्या तागात एक भाग नत्रास साधारणपणे वीस भाग किंवा त्याहून कमी कर्ब असतो. त्यामुळे जीवाणूंची गरज भागून उरलेले नत्र पिकास मिळते. हे प्रमाण तिसाच्या वर गेले, की जीवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात. अशा रानात लगेच लावलेला ऊस उगवणीनंतर पिवळा पडतो, आणि खत घालूनही असे का झाले, हे शेतकऱ्यास उमगत नाही.

वेळेवर गाडलेल्या तागापासून एकरी सहा ते आठ टन हिरवा पाला मिळतो. त्यातून सुमारे ३० किलो नत्र जमिनीत पडते. हे नत्र ४५ किलोच्या दीड गोणी युरियाइतके होते. शिवाय सेंद्रिय द्रव्य मिळते ते वेगळेच.

पूर्वहंगामी उसाची लागण १५ ऑक्टोबरपासून सुरू होते. २० जूनच्या सुमारास एकरी २० ते २५ किलो बी पेरल्यास ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ताग गाडणीस येतो आणि कुजण्यास दोन महिने मिळतात. माण, खटाव, जत अशा कमी पावसाच्या तालुक्यांत जमिनीत ओल असतानाच गाडणी उरकावी. कोरड्या जमिनीत पाला कुजत नाही. भारी काळ्या जमिनीत मात्र वाफसा येण्याची वाट पाहावी.

गाडणीची वेळ ओळखण्यास सोपी खूण अशी, की खोड गुडघ्याच्या उंचीवर वाकवून पाहावे. ते काटकन मोडून रस दिसला, तर ताग योग्य अवस्थेत आहे. न मोडता साल सोलून लोंबू लागली, तर उशीर होत आहे असे समजावे. गाडताना फळी फिरवून ताग आडवा पाडावा व त्याच दिशेने नांगरून मातीआड करावा.

काही कारणाने ताग जून झालाच, तर तो बारीक तोडून गाडावा, गाडताना थोडे नत्रखत द्यावे आणि लागणीपूर्वी अधिक अवधी ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीच्या दिवशीच गाडणीची तारीख शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्यावी. बियाण्यावर व नांगरटीवर झालेला खर्च पुढे उसाच्या पदरात पडणार की नाही, हे त्या तारखेच्या पालनावर अवलंबून आहे.