फळा थोडा वेळ कोरा राहू द्या

नाताळ जवळ आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. हल्ली मुलं पहिल्यांदा काय करतात? मोबाईल उघडून दुसऱ्यांचे गोठे बघतात. एक झाला की दुसरा, मग तिसरा. तासाभराने त्यातलाच एखादा जसाच्या तसा उतरवायचा ठरतो. नाहीतर "एवढं छान आपल्याला कुठं जमणार?" म्हणून बाजारातला तयार गोठा घरी येतो. दोन्हीकडे मुलाचं स्वतःचं असं काही उरत नाही.

मोबाईलला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. परगावची नातवंडं त्याच्यामुळंच डोळ्यांना दिसतात. प्रश्न आहे मोकळ्या वेळाचा.

शाळेत चित्रकलेच्या तासाला एक गोष्ट मी वर्षानुवर्षे बघत आले. फळ्यावर घर काढून दिलं की सगळा वर्ग तेच घर काढतो. फळा कोरा ठेवला की आधी दहा मिनिटं नुसती कुरकुर. "बाई, काय काढू?" मग हळूहळू पेन्सिली चालू लागतात. कुणाचं कौलारू घर, कुणाचं पत्र्याचं, कुणाच्या अंगणात म्हैस. ती कुरकुरीची दहा मिनिटंच खरी कामाची असतात. आज नेमकी तीच दहा मिनिटं मोबाईल घेऊन जातो.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली 'द आर्ट ऑफ थॉट' या पुस्तकात नवी कल्पना सुचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. तयारी, मुरणं, अचानक सुचणं आणि शेवटी पडताळणी. यातली दुसरी पायरी आपल्या बायकांना समजावून सांगायला नको. लोणचं घातलं की बरणीचं तोंड बांधून ठेवावं लागतं. घडीघडीला चमचा घालून ढवळलं तर ते मुरायच्या आधी नासतं. मनाचंही तसंच.

२०१४ साली इंग्लंडमध्ये सँडी मॅन आणि रेबेका कॅडमन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी काही लोकांना टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले. अगदी कंटाळवाणं काम! नंतर साध्या दोन कपांचे किती उपयोग सुचतात ते विचारलं. आधी कंटाळलेल्यांना जास्त सुचले. एका प्रयोगाने सगळं सिद्ध होत नाही, पण कंटाळा हा शत्रू नव्हे एवढं तरी त्यातून कळतं.

वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. ते वाचून झालं की माणूस घडी घालून उठतो. मोबाईलवरच्या पट्टीला शेवट नाही, म्हणून शेवट आपणच ठरवावा लागतो.

आगमनकाळाचे चार आठवडे त्यासाठी पुरेसे आहेत. फोन, निरोप चालू ठेवा, पण फेसबुक, इन्स्टाग्राम तेवढ्यापुरतं काढून टाका. पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल, चिडचिड होईल. होऊ द्या. मुलांबरोबर ताटलीत नाचणी पेरा. गोठ्यातल्या गवताला ती उपयोगी पडते आणि कितीही घाई केली तरी आपल्या वेळेलाच उगवते. चांदणीसाठी बांबूच्या कामट्या तासा, घरीच खळ शिजवा. चांदणीचं एक टोक वाकडं झालं तरी चालेल.

आणि एक सांभाळा. काम अर्धं असताना फोटो टाकू नका. हाताची गोष्ट पुरी व्हायच्या आधीच लोकांची पसंती मोजायला बसलं, की पुढचं काम लोकांना आवडेल तसं होतं, आपल्याला सुचेल तसं होत नाही. फोटो नाताळ झाल्यावर टाका, कुठे पळून जात नाही.

मात्र हे मुलांनीच पाळायचं आणि आईबापांनी सोफ्यावर पडून मोबाईल बघायचा, असं चालणार नाही. मुलं आपण सांगतो ते कमी ऐकतात आणि आपण करतो ते जास्त बघतात. तेव्हा मोबाईल आधी मोठ्यांनी कपाटात ठेवावेत आणि कामट्या घेऊन मुलांशेजारी बसावं.